तिजोरीत झोपणारी चांदी

ओली पट्टी पुसताना त्रिशलाच्या अंगठ्याचा थोडा जोर पडला आणि पट्टी वाकली.

तिने ती उलट्या बाजूने दाबली. पट्टी सरळ झाली. पुन्हा दाबली, पुन्हा वाकली, गरम पोळी दुमडावी तशी. त्रिशलाने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि ती प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसली.

बोटाएवढी रुंद, रुपयाच्या नाण्याएवढी जाड अशी ती चांदीची पट्टी. हिच्या जातीच्या पट्टीला छोटी मोटार टांगली तरी तिने हूं की चूं करायचं नाही, अशी तिची ख्याती. नाव वज्रचांदी. हुपरीच्या खोत रजतशाळेने ती तयार केली होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून तिच्या सळ्या चारशेच्या वर माणसांच्या मोडलेल्या हाडांत बसल्या होत्या. उद्या सकाळी मिरजेच्या इस्पितळात आणखी एक बसणार होती. ती जायची होती त्रिशलाच्या धाकट्या भावाच्या, भरतेशच्या मांडीत.

काल सांगली फाट्यावर भरतेशच्या गाडीला उसाच्या ट्रॉलीने धडक दिली होती. मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं, डोक्यालाही मार होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला गुंगीतच ठेवलं होतं. भावासाठी सळी आपल्या हाताने निवडायची म्हणून त्रिशला आज तांबडं फुटताच कारखान्यात आली होती. येऊन बघते तर चाचणीच्या हौदाचा पंप अडकलेला. हौद म्हणजे काचेची लांब टाकी, तीत माणसाच्या रक्ताइतकंच खारट पाणी, माणसाच्या अंगाइतकंच कोमट, तापकाने सदतीस अंशांवर राखलेलं, गेली दोन वर्षं. पाणी उपसून तिने तळाची जाळी उचलली आणि जाळीखाली, कोपऱ्यात, ही पट्टी निघाली.

पट्टीवरचा आकडा वाचायचीसुद्धा गरज नव्हती. रजतशाळेतून आजवर एकच पट्टी हरवली होती, आणि तिच्यापायी मालन सुतार घरी गेली होती.

*

मालन प्रयोगशाळेत मदतनीस होती. मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी एका संध्याकाळी चांदी मोजताना एक पट्टी कमी भरली. आप्पांनी, म्हणजे त्रिशलाच्या वडिलांनी, सगळ्यांसमोर मालनची पिशवी टेबलावर पालथी करायला लावली. पिशवीतून डबा, कंगवा आणि देवीचा अंगारा निघाला. चांदी निघाली नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून मालन आली नाही. तिला कोणी बोलावलंही नाही. त्रिशला तेव्हा त्या टेबलापाशीच उभी होती आणि अंगाऱ्याच्या पुडीकडे बघत राहिली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. पट्टी जाळीच्या फटीतून खाली घसरली होती आणि दीड वर्ष कोमट पाण्यात पडून होती.

पण मालनचा विचार त्रिशलाने मागे सारला. आधी वाकलेली पट्टी.

तिने ती यंत्राखाली धरली. या यंत्रात हिऱ्याचं टोक धातूवर ठराविक जोराने दाबतात आणि पडलेला खळगा मोजतात. धातू जितका मऊ, तितका खळगा रुंद. खळगा असा पडला की त्रिशलाने यंत्रच बिघडलं असेल म्हणून शेजारी पोलादाची पट्टी ठेवून पाहिली. यंत्र ठीक होतं. मग तिने पट्टीचा तुकडा घासून, चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि जे दिसायला नको होतं ते दिसलं.

कुठलाही धातू कणांचा बनलेला असतो. साखरेच्या वडीत दाणे असतात ना, तसे. दाणे मोठे असले की धातू मऊ, बारीक असले की कणखर. साधी चांदी मऊ असते ती म्हणूनच, आणि हुपरीतला सोनारही ती ठोकून ठोकून कडक करतो ती दाणे मोडूनच. वज्रचांदीत त्रिशलाने हे दाणे इतके बारीक केले होते की साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसूच नयेत, आणि ते पुन्हा वाढू नयेत म्हणून त्यांच्या सीमांवर दुसऱ्या धातूंची चिमूट पेरली होती, राखणदारासारखी. या युक्तीने चांदी पोलादाच्या पंगतीला जाऊन बसली.

आता काचेखाली दाणे स्पष्ट दिसत होते. मोठे, गुबगुबीत, एकमेकांना गिळून माजलेले. राखणदार झोपी गेले होते.

*

पोलाद असताना चांदीचा हा उपद्व्याप कशाला, असं कोणीही विचारेल. दहा वर्षांपूर्वी कोणी विचारलंही असतं. पण मधल्या काळात इस्पितळांमधून एक जंतू माजला होता, ज्याला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. लोक त्याला नुसतं ‘हट्टी’ म्हणायचे. हट्टीला पोलाद फार आवडायचं. शरीरात पोलादाची सळी बसली की तिच्यावर तो शेवाळासारखा चिकट थर धरायचा, आणि मग सळी काढा, पाय काढा, काहीही करा. पोलादाची सळी बसलेल्या सात माणसांतलं एक दगावत होतं. चांदी मात्र जंतूंचा काळ. तिच्यातून रेणूरेणूने झिरपणारा अंश हट्टीला जवळ फिरकू देत नाही. पाण्याच्या हंड्यात चांदीचं नाणं टाकणाऱ्या जुन्या बायांना कारण ठाऊक नसेल, पण गुण ठाऊक होता.

शिवाय पोलाद हाडापेक्षा फारच ताठ. सगळा भार ते एकटंच उचलतं, आणि घरात एकच माणूस राबत असला की बाकीचे आळसावतात तसं हाड आळसावतं, विरळ होतं. चांदी निम्म्याहून कमी ताठ. ती थोडी लवते, हाडालाही काम देते.

पण पोलादाचा एक गुण चांदीत नाही, आणि तो त्रिशलाला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पाठ होता. पोलाद वितळायला चौदाशे अंश लागतात, वज्रचांदीला जेमतेम नऊशे. म्हणून माणसाच्या अंगाची ऊब पोलादाच्या गावीही नसते. चांदीला मात्र ती जाणवते. त्या उबेने चांदीच्या आतले कण हळूहळू जागचे हलू शकतात. तसे हलतात की नाही हे बघायलाच तर तो हौद होता! पोलादाच्या पट्ट्या आणि चांदीच्या पट्ट्या, एकाच पाण्यात, शेजारी शेजारी, दोन वर्षं. पहिल्या वर्षाचा निकाल इतका चांगला आला होता की माणसं मरताहेत हे पाहून सरकारने तातडीची परवानगी दिली. दर महिन्याला एक एक पट्टी ओढून तोडली जायची आणि दर महिन्याला चांदी पोलादाच्या बरोबरीने उभी राहायची.

मग ही एकच का मेली? त्याच दिवशी ओतलेली, त्याच पाण्यात पडलेली.

दहा वाजले. दार उघडून नवी मदतनीस राजश्री आत आली. तिच्या हातात रोजच्यासारखा चांदीच्या पट्ट्यांचा ट्रे होता.

“मॅडम, हौद रिकामा दिसतोय. या कुठं ठेवू?”

“दे इकडे,” म्हणून त्रिशलाने ट्रे घेतला, आणि तिच्या हाताला गार लागलं.

ट्रे गार होता. पट्ट्या गार होत्या, माठाच्या बुडासारख्या. तिजोरीतून आल्या होत्या.

त्रिशलाने एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा हौदाच्या दुसऱ्या बाजूला राहिलेल्या पोलादाच्या पट्ट्यांकडे. त्या तशाच होत्या, दोन वर्षं तशाच. त्यांना कोणी कधी उचललं नव्हतं. आणि तिला सगळं एकदम समजलं.

हुपरीत चांदी रात्री उघड्यावर राहत नाही. कारागीर असो की कारखानदार, संध्याकाळी घंटा झाली की चांदीचा कण न् कण तोलायचा, मोजायचा आणि तिजोरीत टाकायचा. पैंजणं घडवणाऱ्या आजोबांपासून खोतांच्या घरात हा नेम होता. जेवण एकवेळ चुकेल, मोजणी चुकायची नाही. त्रिशला लहानपणी त्या घंटेवर घरी यायची. म्हणूनच, दोन वर्षं रोज संध्याकाळी पट्ट्या हौदातून निघून दगडी भिंतीतल्या गार तिजोरीत जात होत्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत येत होत्या, हे तिला दिसत असूनही दिसलं नव्हतं. पोलाद रात्रंदिवस कोमट पाण्यात होतं. चांदी दिवसा नोकरीला यायची आणि रात्री गारव्यात झोपायची. अहवालात मात्र दोघांचेही तास सारखेच मांडलेले होते, कारण त्रिशलाने हौदाचे तास मोजले होते, चांदीचे नव्हे.

माणसाचं शरीर संध्याकाळी चांदी काढून तिजोरीत ठेवत नाही.

*

“तापकाजवळ पडली असंल,” आप्पा म्हणाले. “ऊब लागली की चांदी मऊ पडतीच. माझ्या आज्ज्याला बी ठावं हुतं.”

आप्पा म्हणजे आदगौंडा खोत. सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढऱ्याशुभ्र टोपीतले. रात्रभर मिरजेला मुलाच्या उशाशी बसून आत्ताच परतले होते, अंघोळ करून पुन्हा जायला.

“तापक दुसऱ्या टोकाला आहे, आप्पा. ही थर्मामीटरच्या खाली होती. तिथं सदतीसच्या वर कधी गेलंच नाही.”

“एका पट्टीवरनं?”

“एकाच पट्टीची खरी चाचणी झाली. बाकीच्या सगळ्यांना आपण रोज रात्री सुट्टी दिली.”

आप्पांनी वाकलेली पट्टी हातात घेतली. उलटीसुलटी केली. त्यांच्या बोटांनी आयुष्यभर चांदीच चाचपली होती, ती बोटं खोटं बोलू शकत नव्हती. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

“तिजोरीत ठेवा म्हणून मीच सांगितलं हुतं,” ते हळू म्हणाले. “पोलाद कोण चोरतंय, पण चांदी हाय, म्हटलं.” मग एकदम आवाज चढवून, “ह्या आठवड्यात सरकारी करार व्हायचा हाय, त्रिशला. साडेतीनशे माणसं जेवत्यात ह्या कारखान्यावर. करार हू दे. मग हळूहळू सुधारू, गुपचूप. अजून एक तरी सळी वाकलीय का कुणाची?”

“नाही. कारण पहिल्या सळ्या पावसाळ्यात बसल्या. अजून वर्ष झालेलं नाही.”

“मग?”

“मग कधी वाकणार ते मला मोजू दे. आणि भरतेशच्या मांडीत उद्या काय घालायचं, ते तुम्ही सांगा.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी आप्पांची गत झाली होती. त्रिशलाला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला धड भांडताही येईना.

ती भट्ट्यांकडे वळली. मंद आचेवर जे वर्षभराने शिजतं ते मोठ्या आचेवर तासात शिजतं. ताज्या पट्ट्या चार वेगवेगळ्या भट्ट्यांत घालायच्या, कुठली किती वेळात मऊ पडते ते बघायचं आणि त्यावरून सदतीस अंशाला किती महिने लागतील त्याचं गणित मांडायचं. असली घाईची चाचणी आप्पांना कधी पसंत नव्हती. ‘खरी ऊब, खरी मुदत’ असं ते अभिमानाने सांगायचे, आणि जगही मान डोलवायचं.

दुपारी दोनच्या सुमारास आकडे जुळायला लागले. त्रिशलाने ते तीनदा तपासले. चांदी हळूहळू मऊ होत नव्हती. ती बरेच महिने काहीच होत नसल्यासारखी दाखवायची, आणि एकदा दाणे वाढायला लागले की आठवड्या-दोन आठवड्यांत ढासळायची. सलग उबेत वज्रचांदीचं आयुष्य होतं साधारण नऊ महिने.

गेल्या पावसाळ्यात बसवलेल्या सळ्यांना आता आठवा महिना चालू होता.

ती कागदाकडे बघत असतानाच फोन वाजला. मिरजेहून डॉ. शबाना इनामदार बोलत होत्या. “भरतेशचा ताप वाढलाय. उद्यापर्यंत थांबता येणार नाही, चार वाजता घेते. आप्पांना घेऊन या, सही लागेल.”

*

गाडीला ड्रायव्हर नव्हता, ती आपली आपण चालत होती. आप्पा आणि त्रिशला मागे बसले होते. पट्टणकोडोली मागे पडली.

“पोलाद घालू या,” आप्पा शेवटी म्हणाले. “डॉक्टरला सांगू, आमची सळी तयार न्हाई. कुणी काय इचारणार न्हाई. भरतेशलाही धोका न्हाई, कारखान्यालाही न्हाई.”

“भरतेशला धोका नाही?” त्रिशला वळली. “त्या वॉर्डात हट्टी आहे, आप्पा. त्याला आत्ताच ताप आहे. पोलाद घातलं तर सातातला एक, हे तुम्हीच भाषणात सांगता.”

“मग चांदी घालू म्हणतीस? वाकणारी?”

“त्याचं वय एकोणतीस. हाड पाच-सहा महिन्यांत जुळतं. तोवर चांदी पोलादासारखी उभी राहते आणि जंतू जवळ येऊ देत नाही. सहाव्या महिन्यात सळी काढून टाकायची, मऊ पडायच्या आत. चांदीइतकं चांगलं त्याच्यासाठी दुसरं काही नाही.”

“मग घाल की! कशाला घाबरवतीस?”

“कारण आपण खोक्यावर छापलंय, ‘आयुष्यभरासाठी, काढण्याची गरज नाही.’ सहाव्या महिन्यात काढा असं डॉक्टरांना सांगायचं, तर का काढा तेही सांगावं लागेल.”

बाहेर उसाच्या फडांवर औषध फवारणारी यंत्रं घिरट्या घालत होती. त्रिशलाने बापाच्या हाताकडे पाहिलं. लहानपणी याच हाताने तिला तराजू धरायला शिकवला होता. काटा मधे येईपर्यंत श्वास सोडायचा नाही, असं सांगितलं होतं.

“पोलाद घातलं तर गोष्ट झाकून राहते,” ती म्हणाली. “पण झाकायला आपण भरतेशला वापरतोय. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. महिन्याभरात पहिला पाय वाकेल.”

“म्हाताऱ्या माणसांची हाडं लवकर जुळत न्हाईत,” आप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

“नाही जुळत.”

“आन् पाठीच्या कण्यात बसवल्यात त्या?”

अंकलीचा पूल आला आणि गेला.

*

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर डॉ. इनामदार हिरव्या झग्यात उभ्या होत्या. बारीक चणीच्या, घाईच्या बाई. काचेच्या दारापलीकडे भरतेश झोपलेला होता. तापाने ओठ फुटले होते. त्याचा नेहमीचा खट्याळ चेहरा इतका गंभीर दिसत होता की त्रिशलाला गलबलून आलं. हाच पोरगा गावोगावच्या इस्पितळांत जाऊन वज्रचांदी विकायचा. अक्काने केलीय म्हणजे झालं, असं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगायचा.

“सही इथे करा,” डॉक्टरांनी पाटी आप्पांपुढे धरली. “सळी तुमचीच, म्हणजे विचारायचा प्रश्नच नाही.”

“पोलाद घाला,” आप्पा म्हणाले.

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“पोलादाची घाला. आमची तयार न्हाई.”

“खोतसाहेब, गेल्या महिन्यात याच जागी उभं राहून तुम्ही मला म्हणालात, पोलाद म्हणजे जंतूंची धर्मशाळा. आणि तयार नाही काय? आमच्या कपाटात तुमच्या सहा सळ्या आहेत.” त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग त्रिशलाकडे. “काय चाललंय?”

आप्पांनी पाटीवर पेन टेकवलं. पेन पुढे सरकेना.

त्रिशलाला कारखान्याचं फाटक दिसत होतं, जेवणाच्या सुट्टीत तिथे बसणारी माणसं दिसत होती, आणि आपण तोंड उघडलं की हे सगळं आपल्याच हाताने मोडणार हेही दिसत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“डॉक्टर, चांदीच घाला,” ती म्हणाली. “पण सहा महिन्यांत काढायची. त्याच्या आत काढायची.”

“त्रिशला!” आप्पा ओरडले. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या.

“मग तुम्ही सांगा, आप्पा. मला सांगू द्यायचं नसेल तर तुम्ही सांगा. तो आत पडलाय. काटा मधे आणा आणि मग सही करा.”

आप्पांनी काचेतून आत पाहिलं. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागल्या, पण त्यांनी घाई केली नाही. मग आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. त्रिशलाने त्यांना चारचौघांत बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं.

“चांदी नऊ महिन्यांनी मऊ पडती,” ते म्हणाले. “आमची चाचणी खोटी झाली. मुद्दाम न्हवं, पण खोटी झाली. रोज राती चांदी तिजोरीत ठेवा, असा हुकूम माझा हुता. पोरीचा दोष न्हाई.”

“आहे,” त्रिशला म्हणाली. “तास मी मोजले.”

डॉ. इनामदारांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी स्वतःच्या हाताने तीसेक सळ्या बसवल्या होत्या. “कधी कळलं?”

“आज सकाळी.”

“आणि आज दुपारी तुम्ही मला पोलाद घाला म्हणत होता, का ते न सांगता.” त्या आप्पांवर ओरडल्या नाहीत, आणि तेच आप्पांना जास्त लागलं. मग त्या त्रिशलाला म्हणाल्या, “नऊ महिन्यांची खात्री किती?”

“एका पट्टीवरून आणि एका दिवसाच्या भट्टीवरून देता येते तेवढी. म्हणून सहा म्हणते.”

“तुमच्या भावासाठीच म्हणताय?”

“माझ्या भावासाठीच म्हणते.”

“चांदी,” डॉक्टर आत कोणाला तरी म्हणाल्या. मग आप्पांकडे वळून, “सही करा. आणि मी बाहेर येईपर्यंत सगळ्या इस्पितळांना फोन गेलेले पाहिजेत. तुमच्याकडून. नाहीतर मी करेन.”

आप्पांनी सही केली. दार बंद झालं. ते बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली, खिशातून फोन काढला आणि पहिलं नाव शोधायला लागले. चष्मा धुरकटला होता, नाव सापडेना. त्रिशला शेजारी बसली आणि एकेक नाव वाचून दाखवू लागली. “सांगा, मी आदगौंडा खोत बोलतोय,” ती म्हणाली, आणि आप्पा म्हणाले, “मी आदगौंडा खोत बोलतोय.”

*

करार अर्थातच झाला नाही. चौकशी बसली, वर्तमानपत्रांनी आप्पांना चांदीचोर म्हणायचंही बाकी ठेवलं नाही. कारखान्यातली निम्मी माणसं पैंजणांकडे परत गेली, काही सोडून गेली. सळ्या काढायचं काम राज्यभर महिनाभर चाललं. बहुतेकांची हाडं जुळली होती. सोलापूरकडच्या एका आजींचा पाय मात्र बोलावणं पोचायच्या आधीच वाकला. आप्पा त्यांच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

भरतेशचा ताप चौथ्या दिवशी उतरला. शुद्धीवर आल्यावर त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, “अक्का, म्हणजे माझ्या पायात भाड्याची सळी घातलीस व्हय?” त्रिशला हसली आणि मग इतकी रडली की नर्स धावत आली.

पण एक काम राहिलं होतं. त्या आठवड्यातच आप्पा आणि त्रिशला रेंदाळला मालनच्या घरी गेले. मालन आता शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. घरामागच्या परड्यात परातीत तांदूळ निवडत बसली होती, उठली नाही. आप्पांनी ती वाकडी पट्टी तिच्यापुढे ठेवली.

“सापडली,” ते म्हणाले. “हौदातच हुती. तू न्हेली न्हवतीस.”

“मला ठावं हाय की मी न्हेली न्हवती,” मालन म्हणाली. “त्ये सांगायला एवढ्या लांब आलासा?”

“माफी मागायला आलोय, मालन. परत ये.”

मालनने एक खडा उचलून बाजूला टाकला. “माझी पिशवी तुमी सगळ्यांम्होरं पालथी केलासा. माफी हितं परड्यात मागून भागंल व्हय?”

“तेव्हा मी गप्प बसले,” त्रिशला म्हणाली.

“बसलासा,” मालन म्हणाली, आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची घंटा झाल्यावर, सगळे मोजणीला जमलेले असताना, आप्पांनी ती पट्टी टेबलावर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. मालन दाराशी उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर निघून गेली, आणि सोमवारी कामावर आली.

*

भाद्रपदात डॉ. इनामदारांनी भरतेशच्या मांडीतली सळी काढली. हाड सांधलं होतं. सळी अजून ताठ होती. त्रिशलाने ती हिऱ्याच्या टोकाखाली धरली तेव्हा खळगा अगदी किंचित रुंद पडला. आणखी तीन महिने मिळाले असते तर तिचीही पोळी झाली असती. आकडा बरोबर होता.

त्याच आठवड्यात हौद नव्या पाण्याने भरला. नवी चांदी, राखणदार बदललेले, चिमूट वाढवलेली. शेजारी पोलादाच्या पट्ट्या. दोघांना सारखंच पाणी आणि सारखीच ऊब. भरतेशची सळीही त्रिशलाने एका कडेला सोडली. किती दिवस तग धरते ते बघायचं होतं.

संध्याकाळी घंटा झाली. आप्पा सवयीने तराजूचं खोकं घेऊन आले. त्यांची नजर हौदावर गेली आणि तिथेच खिळली. काचेपलीकडे चांदी लखलखत होती, उघडी, दिव्याखाली. बाहेर माणसं घरी निघाली होती. साऱ्या हुपरीत या वेळी चांदी तिजोरीत जात होती.

“आप्पा,” मालन म्हणाली, “ही राती हितंच ऱ्हायाची हाय. मॅडमनी सांगितलंय.”

“ठावं हाय,” आप्पा म्हणाले. तरी ते हललेच नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. पट्ट्या मोजत होते, हे त्रिशलाला कळलं. मालनलाही कळलं. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

आप्पा मधेच थांबले. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला, त्यातून प्रयोगशाळेची किल्ली काढली आणि मालनच्या टेबलावर ठेवली.

“दिवा चालू ठेव,” ते म्हणाले, “न्हाईतर राती हौद दिसायचा न्हाई.” आणि पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, चांदी न मोजता, घरी गेले.